माख-झेंडर आणि रिंग: सिलिकॉन मॉड्युलेटरच्या वीजखर्चाचा हिशेब

सिलिकॉन फोटॉनिक प्रेषकात, म्हणजे सिलिकॉन चिपवरून प्रकाशाने माहिती पाठवणाऱ्या साधनात, लेसरच्या अखंड प्रकाशावर शून्य-एकचा संकेत चढवण्याचे काम मॉड्युलेटर करतो. त्याचे माख-झेंडर आणि रिंग हे दोन प्रकार एकाच रचनेची मोठी आणि छोटी आवृत्ती असल्याचा समज होतो, कारण दोन्हींमागचे भौतिकशास्त्र एकच आहे: व्होल्टेज बदलले की पी-एन संधीतील (दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या सीमेवरील) मुक्त प्रभारवाहक कमी-जास्त होतात आणि सिलिकॉनचा अपवर्तनांक (त्यात प्रकाश किती मंदावतो याचे माप) अगदी किंचित बदलतो. सोरेफ आणि बेनेट यांनी १९८७ मध्ये या परिणामाची आकडेवारी मांडली. हा किंचित बदल कसा वापरायचा, इथे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

माख-झेंडरमध्ये प्रकाश दोन भुजांत विभागून पुन्हा एकत्र आणतात आणि कलांतरानुसार, म्हणजे दोन्ही लहरी एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत त्यानुसार, तो प्रखर किंवा मंद होतो. पुरेसे कलांतर साठण्यासाठी भुजा बहुधा काही मिलिमीटर लांब ठेवाव्या लागतात. एवढ्या अंतरभर विद्युत संकेत प्रकाशाच्या जोडीने धावावा म्हणून इलेक्ट्रोडच्या टोकाला, समजा, ५० ओहमचा रोध जोडला आणि त्यावर उणे-अधिक १ व्होल्टचा संकेत दिला, तर २० मिलिवॅट उष्णतेत जातात. सेकंदाला ५० गिगाबिट वेगाला हा खर्च बिटमागे ४०० फेम्टोज्यूल (फेम्टो म्हणजे एक हजार-लाख-कोटीवा भाग, १०⁻¹⁵) होतो.

रिंगमध्ये अनुनादी तरंगलांबीचा, म्हणजे कड्याच्या परिघाशी नेमका जुळणारा, प्रकाश इवल्याशा कड्यात पुनःपुन्हा फिरतो, त्यामुळे लांब भुजांची गरजच उरत नाही. कॉर्नेल विद्यापीठात २००५ मध्ये दाखवलेल्या रिंगचा व्यास अवघा १२ मायक्रोमीटर होता. विद्युतदृष्ट्या ती छोटा कॅपॅसिटर असते: धारिता ५० फेम्टोफॅरड आणि व्होल्टेज २ धरले, तर बिटमागे सरासरी ५० फेम्टोज्यूल पुरतात.

केवळ या आकड्यावरून रिंगला आठपट काटकसरी ठरवणे मला चुकीचे वाटते. तापमान एका अंशाने वाढले की तिचा अनुनाद सुमारे ०.०७ नॅनोमीटर सरकतो, आणि अनुनादाची रुंदीच ०.३ नॅनोमीटरच्या आसपास असेल तर चार-पाच अंशांत ती निकामी होते. म्हणून तापमान स्थिर राखायला शेजारी हीटर ठेवावा लागतो. त्याने ५ मिलिवॅट घेतले, तर त्याच वेगाला बिटमागे आणखी १०० फेम्टोज्यूल लागतात आणि आठपटीची आघाडी तिपटीखाली येते. समान भुजांच्या माख-झेंडरला तापमानाचा असा जाच नसतो.

तरीही स्विच चिपला (संगणकांच्या जाळ्यात माहितीची वाट वळवणाऱ्या चिपला) खेटून शेकडो प्रकाशवाहिन्या बसवायच्या असतील, तर जागेची बचत निर्णायक ठरते. चिपनिर्माती कंपनी एनव्हिडियाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अशा स्विचमध्ये रिंगच आहेत. दूर पल्ल्याच्या कोहेरंट दळणवळणात मात्र प्रकाशाची कला (लहरीची स्थिती) आणि आयाम (लहरीची उंची) या दोन्हींवर माहिती चढवतात, म्हणून दोन्ही काटेकोर सांभाळावे लागतात, आणि तिथे माख-झेंडरसाठी अधिक वीज खर्च करणे योग्यच आहे.