सोलापूरची थंडी कोण अडवतं?

संक्रांत आली, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली, तरी पहाटे पंखा चालूच, असं एखाद्या वर्षी सोलापुरात होतं. मग जो तो एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याचं, नाव घेतो. त्याआधी पेपरातले दोन आकडे बघावेत, कमाल आणि किमान.

इथे जानेवारीत कमाल तापमान तिशीच्या आसपास आणि किमान साधारण 15-16 अंश असतं. एवढी तफावत पडते ती कोरड्या, निरभ्र हवेमुळे. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री अवरक्त किरणांमधून उष्णता वर सोडते आणि भराभर निवते. हवेत बाष्प किंवा ढग असले, की ते हे किरण शोषतात आणि त्यातली काही उष्णता पुन्हा खाली पाठवतात. दुपार नेहमीसारखी आणि रात्र मात्र उबदार, म्हणजेच तफावत आकसलेली असेल, तर संशय आधी ढगांवर घ्यावा.

हे बाष्प बऱ्याचदा बंगालच्या उपसागरातून येतं. 30 नोव्हेंबर 2024 ला ‘फेंगल’ चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर धडकलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला महाराष्ट्रातली थंडी पळाली. वादळ सोलापूरपासून कितीतरी लांब होतं, पण वारं पूर्वेकडून वाहू लागलं की उत्तरेची कोरडी, गार हवा इकडे पोचतच नाही. ज्वारीवाल्यांना हे सांगायला नको. आभाळ आलं की मावा ही कीड वाढते, पानांवर चिकटा पडतो.

दोन्ही आकडे चढलेले आणि आभाळ मात्र स्वच्छ असेल, तर उत्तरेकडे बघावं. हिमालयात पाऊस-बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात येऊन गेले, की त्यांच्यामागून थंड वारे दक्षिणेकडे उतरतात. झंझावात कमी आले किंवा दुबळे निघाले, तर थंडीचा पुरवठाच आटतो.

एल निनोमुळे अख्खा हंगाम उबदार होऊ शकतो, हे खरं. पण फेब्रुवारी 2023 मध्ये प्रशांत महासागरात ला निना, म्हणजे एल निनोच्या उलट गार पाण्याची स्थिती, अजून सरायची होती, आणि तरी देशाचं सरासरी कमाल तापमान फेब्रुवारीपुरतं 1901 पासूनचं सर्वाधिक ठरलं.

या सगळ्याखाली पायाच वर सरकतो आहे. भारतात 2024 चं सरासरी तापमान 1991-2020 च्या सरासरीपेक्षा 0.65 अंशाने जास्त होतं, आणि किमान तापमान तर 0.90 अंशाने. चार उबदार रात्रींचं खापर मी हवामानबदलावर फोडणार नाही. वर्षानुवर्षं चढत्या किमान तापमानाचं मात्र फोडेन. शहरात त्यात सिमेंटची भर पडते. ती किती, हे मंगळवेढ्याच्या शिवारातलं किमान तापमान शहराच्या आकड्याशेजारी मांडलं की कळायला लागतं. दोन्हीकडे सारखीच वाढ दिसली, तर सिमेंटला दोष देता येणार नाही.