बोगद्याचा तळ वर का येतो?

काळ्या मातीवर बांधलेल्या घराची फरशी पावसाळ्यात उचलली जाते, हे विदर्भ-मराठवाड्यात कुणाला सांगावे लागत नाही. मातीतले मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातल्या बोगद्यांनाही हाच त्रास आहे. तिथे अशा फुगणाऱ्या चिकणखनिजांच्या जोडीला ॲनहायड्राइट, म्हणजे पाणी नसलेले कॅल्शियम सल्फेट, असते. पाणी मिळाले की त्याचे जिप्सम होते आणि जिप्समला सुमारे 61 टक्के जास्त जागा लागते.

1916 मध्ये सुरू झालेल्या हाउएनस्टाइन रेल्वे बोगद्याचा तळही असाच वर आला होता. 1946 मध्ये मृदा-यांत्रिकीचे अभियंते कार्ल टेर्झागी यांनी दाबामुळे आत सरकणारा खडक आणि पाणी पिऊन फुगणारा खडक यांत स्पष्ट फरक केला. ही विभागणी मोलाची होती, पण तिच्यावरून अस्तराची, म्हणजे बोगद्याला आतून दिलेल्या आधाराच्या थराची, जाडी काढता येत नव्हती.

आकडे हाती लागले ते 1970 मध्ये हूडर आणि आम्बेर्ग या अभियंत्यांच्या चाचणीतून. खडकाची चकती पोलादी कड्यात घट्ट बसवायची, दाबायची, मग तिला पाणी पाजायचे. त्यानंतर वरचा भार टप्प्याटप्प्याने उतरवत प्रत्येक टप्प्याला ती किती फुगली ते मोजायचे. त्याच वर्षी जुरातला बेल्खन महामार्ग बोगदा खुला झाला. त्याचा फुगण्याचा दाब अभ्यासताना 1972 मध्ये अभियंते ग्रोब यांनी नियम मांडला: फुगणे दाबाच्या लॉगरिदमच्या प्रमाणात घटते. म्हणजे थोडे फुगू दिले तरी अस्तरावरचा भार बराच उतरतो. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत उपयोगी धडा हाच.

हा नियम शेवटची स्थिती सांगतो, तिथवर पोहोचायला किती वर्षे लागतील ते सांगत नाही. शिवाय बोगद्याच्या चहूबाजूंना खडक तोच असताना छत शांत राहते आणि तळ मात्र उचलला जातो, हे कोडेही उरलेच होते. संशोधक विट्के आणि सहकाऱ्यांनी नियम त्रिमितीत नेला. 1993 मध्ये संशोधक अनाग्नोस्तू यांनी पाण्याचा झिरपा आणि खडकाची हालचाल एकाच गणितात बांधली. त्यामुळे तळाचे कोडे उलगडू लागले आणि काळही हिशेबात आला.

ॲनहायड्राइटचा प्रश्न अधिक अवघड आहे. त्यात रासायनिक क्रियाही धरावी लागते आणि प्रक्रिया दशकानुदशके चालते, चाचणी मात्र काही वर्षांतच थांबवावी लागते. दरम्यान बेल्खनच्या जुन्या नळ्यांची, म्हणजे वाहतुकीच्या समांतर भुयारांची, दुरुस्ती करता यावी म्हणून शेजारी तिसरी नळी खोदावी लागली. ती 2022 मध्ये वाहतुकीला खुली झाली.