मनोरीच्या गोड्या पाण्याचा खारा हिशेब

समुद्राचे पाणी गोडे करून नळाला सोडावे, ही कल्पना मुंबईत पाणीकपात आली की वर येते आणि तलाव भरले की मागे पडते. 2009 च्या टंचाईतही तिची चर्चा झाली होती. कारण साधे आहे: मुंबईला उताराने येणाऱ्या स्वस्त पाण्याची दीडशे वर्षांची सवय आहे. 1860 मध्ये विहार तलाव झाला, 1879 मध्ये तुळशी, 1892 मध्ये तानसा. पुढे मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. पाण्यासाठी शहर दूर ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरांत शिरत गेले. ज्यांची जमीन आणि जंगल त्यात गेले, त्यांचा हिशेब मुंबईकराच्या पाणीबिलात कधी आला नाही.

पुढची पाळी वाडा तालुक्यातल्या गारगाई धरणाची होती. रोज 440 दशलक्ष लिटर पाणी, पण त्यासाठी तानसा अभयारण्यातले जंगल, लाखो झाडे आणि आदिवासी पाडे पाण्याखाली. 2020 च्या ऑगस्टमध्ये तलावांत कमी पाणी पाहून पालिकेने 20 टक्के कपात लावली, आणि त्याच वर्षी सरकारने गारगाई बाजूला ठेवून मुंबईच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मनोरीचा निःक्षारीकरण प्रकल्प, म्हणजे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना, पुढे आणला. जून 2021 मध्ये इस्रायलच्या आयडीई कंपनीशी करार झाला. क्षमता रोज 200 दशलक्ष लिटर, पुढे दुप्पट करण्याची सोय. बांधणीचा अंदाज 1,600 कोटी आणि वीस वर्षे चालवण्याचा 1,920 कोटी. बांधण्यापेक्षा चालवणे महाग, ही या प्रकल्पाची खरी ओळख. शहराची रोजची गरज चार हजार दशलक्ष लिटरच्या वर आहे, म्हणजे एवढा खटाटोप करून मिळणार पाच टक्क्यांहून कमी.

पैसा जातो तो मुख्यतः विजेवर. आधी गाळ, शेवाळ, तेलकट तवंग काढून टाकायचे. मग पाणी 55 ते 65 बार दाबाने पातळ पडद्यांतून रेटायचे. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पंचवीस-तीस पट दाब झाला हा. हजार लिटरमागे तीन ते चार युनिट वीज लागते, म्हणजे 200 दशलक्ष लिटरला रोज सहा ते आठ लाख युनिट. तानसा-वैतरणेचे पाणी मात्र गुरुत्वाकर्षणाने वाहत येते. चेन्नईत मिंजूरचा 100 दशलक्ष लिटरचा कारखाना 2010 मध्ये सुरू झाला. तिथले पाणी सरकारने हजार लिटरला 48 रुपयांहून अधिक दराने घ्यायचे ठरवले होते. मुंबईचा घरगुती दर त्याच्या जवळपासही नाही. मधला फरक अनुदानातून भरायचा की नळधारकाकडून, हे कोणत्याच पक्षाला निवडणुकीआधी बोलायचे नसते.

दुसरे बिल समुद्राच्या नावावर फाटते. घेतलेल्या पाण्यापैकी साधारण 40-45 टक्केच गोडे होते. 200 दशलक्ष लिटर हवे तर 450 ते 500 आत घ्यायचे आणि उरलेले 250 ते 300 दशलक्ष लिटर परत सोडायचे. लिटरला 35 ग्रॅम क्षार असलेले पाणी परतताना 60 ग्रॅमच्या घरात गेलेले असते आणि सोबत प्रक्रियेतली रसायनेही येतात. हे पाणी जड असते, तळाशी बसते. भर समुद्रात, पाइपाच्या तोंडाशी नीट नळ्या लावून सोडले तर चटकन मिसळते. उथळ किनाऱ्यालगत सोडले तर तळावरच्या जिवांना त्रास, आणि शोषण-पाइपात अंडी-पिल्लेही ओढली जातात. मनोरी-गोराईच्या कोळ्यांची चिंता हीच आहे. त्यांची डोल जाळी लागते ती याच पाण्यात, बोंबील आणि जवळा मिळतो तो इथेच. शेजारच्या खाडीत दहिसर नदी शहराची घाण आणून टाकते, ती वेगळीच. 'जागतिक तंत्रज्ञान आहे' एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, आणि होऊही नये.

माझ्या मते जंगल वाचवायला समुद्राकडे वळणे चूक नव्हते, पण आधी गळती आणि चोरी रोखायला हवी होती. तिथे रोज शेकडो दशलक्ष लिटर वाया जातात, म्हणजे मनोरीच्या कारखान्याहून कमी नव्हे. डिसेंबर 2023 मध्ये मनोरीची निविदा निघाली, मग मुदतवाढीवर मुदतवाढ सुरू झाली. दरम्यान बाजूला ठेवलेले गारगाईही पुन्हा यादीत आले.