कॉर्नियाचा आजार आणि मोतीबिंदू: खुलासा

‘कॉर्निया खराब असेल तर मोतीबिंदू काढू नका, डोळा जातो’ असा मेसेज फिरत असतो. भीती अगदीच निराधार नाही. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा. त्याच्या आतल्या बाजूच्या पेशी सतत पाणी उपसून तो स्वच्छ ठेवतात. फुक्स डिस्ट्रॉफी या कॉर्नियाच्या आजारात त्या घटत जातात आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत आणखी थोड्या जातात.

पण त्या मोजता येतात. त्यासाठी स्पेक्युलर मायक्रोस्कोपी (या पेशींचा फोटो काढून त्या मोजणारी तपासणी) करून घ्या. निरोगी प्रौढ डोळ्यात चौरस मिलिमीटरला साधारण २००० ते ३००० पेशी असतात. सकाळी धूसर आणि दुपारपर्यंत स्वच्छ दिसत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा (नेमकं हेच राहून जातं). पेशी पुरेशा असतील तर मोतीबिंदू जपून काढतात. नसतील तर त्याच वेळी किंवा नंतर नेत्रदात्याच्या कॉर्नियातला या पेशींचा थर बसवता येतो. उलट मोतीबिंदू फार पिकू दिला, तर तो फोडताना पेशींचं नुकसान वाढतं.