ज्येष्ठांचा छळ व उपेक्षा

ज्येष्ठांचा छळ व उपेक्षा : वयस्कर माणसाला त्याच्या भरवशाच्या व्यक्तीकडून होणारी मारहाण, अपमान, आर्थिक पिळवणूक किंवा हेळसांड. मुलगा, सून, मुलगी, जावई, नातू, ब्युरोतून आलेली मावशी, वृद्धाश्रमातला कर्मचारी अशी कोणतीही व्यक्ती यात असू शकते. नाते मात्र विश्वासाचे असावे लागते. रस्त्यात मंगळसूत्र ओढणारा चोर म्हाताऱ्या बाईला लुटतो, तरी तो या संकल्पनेत बसत नाही. भारतीय कायद्यात ६० वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. पुढील विवेचन मुख्यतः महाराष्ट्रातील परिस्थितीचे आहे.

हा प्रकार वैद्यकीय चर्चेत आला तो १९७५ साली, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेल्या एका पत्रामुळे. घरी मार खाल्लेल्या आजीबाईंकडे डॉक्टरांनी डोळे उघडून पाहावे, असा त्याचा रोख होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०११ मध्ये १५ जून हा जागृतीचा दिवस म्हणून मान्य केला. २८ देशांतील ५२ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, साठीपुढच्या सुमारे १५.७ टक्के लोकांना वर्षभरात कोणत्या ना कोणत्या छळाला तोंड द्यावे लागते. त्यात मानसिक छळ सर्वाधिक (११.६ टक्के), त्याखालोखाल आर्थिक (६.८ टक्के) आणि हेळसांड (४.२ टक्के), मारहाण २.६ टक्के. भारतात मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ५ टक्के आले. आपल्याकडची घरे तेवढी चांगली, असा अर्थ त्यातून काढणे भाबडेपणाचे होईल. प्रश्न घरात बसून विचारला जातो, शेजारच्या खोलीत सून किंवा मुलगा असतो, आणि घरची गोष्ट चव्हाट्यावर आणायची नाही हे त्या पिढीच्या अंगात मुरलेले असते. पडून लागलं, असे सांगणारी आई डॉक्टरांना नवीन नाही.

मारहाणीच्या खुणा तरी दिसतात. उपेक्षा दिसायला वेळ लागतो. चष्म्याची काच फुटून महिने लोटतात, कवळी सैल झाल्याने पोळी चावत नाही, रक्तदाबाची गोळी संपलेली असते, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस न बदलल्याने पाठीला जखमा होतात. फोन काढून घेणे, पाहुण्यांसमोर येऊ न देणे, ताट वेगळे वाढणे हेही यातच मोडते. विस्मरणाचा आजार असलेल्या माणसाकडे दिवसरात्र एकटीने पाहणारी सून किंवा लेक थकून हात उगारते, तेव्हा ते दुष्टपणाचे प्रकरण असतेच असे नाही. तिला आठवड्यातून दोन दिवस मोकळीक मिळाली तर बराच फरक पडतो. पण तशी सोय शहरांतही तुटपुंजी आहे.

ग्रामीण भागात पुष्कळदा मूळ वाटणीत सापडते. जमिनीची खातेफोड झाली की आईबापांचीही वाटणी होते: आई थोरल्याकडे, वडील धाकट्याकडे, किंवा दोघांची महिन्याची पाळी. महिना संपला आणि दुसऱ्या भावाने न्यायला यायला उशीर केला, तर कुरबूर सुरू होते. चाळीस-पन्नास वर्षे एका घरात काढलेल्या नवराबायकोला अशा वाटणीने उतारवयात वेगळे केले जाते. याला छळ म्हणावे की नाही, यावर गावात दोन मते पडतील. प्रस्तुत लेखकाच्या मते म्हणावे.

शहरात तंट्याचे केंद्र फ्लॅट आणि बक्षीसपत्र, म्हणजे जिवंतपणीच मालमत्ता विनामोबदला दुसऱ्याच्या नावे करणारा दस्त. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास २०१५ पासून मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे; स्थानिक अधिभार वेगळा. त्यामुळे ‘मृत्युपत्रानंतर भावंडांत कटकटी नकोत, आत्ताच करून टाका’ हा आग्रह सहज मान्य होतो. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येते. नोंदणी झालेले बक्षीसपत्र मात्र मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार देणाऱ्याला मनात आले म्हणून रद्द करता येत नाही. दुय्यम निबंधकांपुढे अंगठा उमटला की घरातले स्थान बदलते, आणि कित्येकांना ते कागद झाल्यावर कळते. वडील गेल्यावर विधवा आईकडून घेतलेले हक्कसोडपत्र (वारसाने आलेला वाटा सोडल्याचा दस्त) हा याचाच दुसरा प्रकार.

यावर उत्तर म्हणून संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा अधिनियम, २००७ केला. तत्पूर्वी हिमाचल प्रदेशाने २००१ मध्ये असा कायदा केला होता. शिवाय १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमात आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये पोटगीची तरतूद होतीच. लग्न झालेली मुलगीही वडिलांना पोटगी देण्यास बांधील आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निर्णय महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आला. पण त्या वाटेने वर्षे जात. नव्या कायद्याने प्रकरण प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे आणले. त्यांच्यासमोर साधा अर्ज करता येतो, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे, आणि अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. मूलबाळ नसेल, तर ज्याच्याकडे मालमत्ता आहे किंवा वारसाने येणार आहे त्या नातेवाइकाकडून निर्वाह मागता येतो. कज्जे प्रत्यक्षात मुदतीत निघतातच असे नाही. प्रांतांच्या टेबलावर जमिनीची भूसंपादने, निवडणुका आणि पंचनामे आधीच पडलेले असतात.

कायद्याचे खरे दात कलम २३ मध्ये आहेत. कायदा लागू झाल्यानंतर, ‘घेणारा माझा सांभाळ करील’ या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते. अडचण अटीची आहे. आपल्याकडच्या बक्षीसपत्रात ‘नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी’ ही ओळ ठरलेली असते. सांभाळाची अट लिहायला आईबापांना संकोच वाटतो आणि मुलाला राग येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की अशी अट होती हे दाखवावेच लागेल. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला, बक्षीसपत्र रद्द केले आणि न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देववू शकते असे सांगितले. तिथे मुलाने सांभाळाचे वेगळे वचनपत्र लिहून दिले होते, ही बाब निर्णायक ठरली. अनुभवी वकील म्हणूनच दस्तात अन्न, औषधपाणी आणि राहण्याचा हक्क यांची दोन वाक्ये घालायला सांगतात.

छळणाऱ्या मुलाला घराबाहेर काढण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मानले. त्यातून दुसरा पेच उभा राहिला: मुलगा आणि सासूसासरे एक होऊन नको असलेल्या सुनेला बाहेर काढण्यासाठी हाच कायदा वापरू लागले. घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने सुनेला मिळालेला सामायिक घरातला हक्क अशा झटपट कार्यवाहीने हिरावता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. दोन दुबळ्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारी ही प्रकरणे प्रांतांना सर्वांत अवघड जातात.

गोव्यात वारसाहक्काची पद्धत वेगळी असल्याने आईबापांची पकडही वेगळी. तिथे इस्टेटीचा अर्धा भाग मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखीव असतो आणि मृत्युपत्राने हवा तसा देता येतो तो उरलेला अर्धा. ‘सगळं दुसऱ्याला देऊन टाकीन’ ही धमकी तिथे सहसा अर्धीच चालते.

मालमत्ता नसलेल्यांची गत वेगळी. कलम २३ त्यांच्या कामाचे नाही, आणि कलम ९ ने निर्वाहाची रक्कम महिना १०,००० रुपयांच्या वर जाऊ दिलेली नाही. कलम २४ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो ज्येष्ठाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठे सोडून जाणाऱ्याला. स्टेशनवर सोडून जाणारा त्यात सापडतो. घरातच ठेवून उपाशी मारणारा सहजी सापडत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये, ज्याला खेड्यात सरळ ‘पगार’ म्हणतात, बँकेतून आणणारा नातूच खर्च करून टाकतो अशा तक्रारी होतात. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ते पालकांच्या खात्यात टाकायचे ठरवले आणि काहींचे कापलेही. आसामने त्यासाठी २०१७ मध्ये राज्याचा कायदाच केला होता. उपाय सुटसुटीत आहे, पण तो पगारदाराच्याच आईला लाभतो. मजुराच्या आईला नाही.

सुरुवातीच्या व्याख्येत काटेकोरपणे बसत नसला, तरी घराबाहेरच्या छळाचाही एक प्रकार नोंदवायला हवा. सातपुड्यात नंदुरबारकडच्या पाड्यांवर एकट्या, बहुधा विधवा, म्हाताऱ्या बाईला डाकीण ठरवून मारहाण करण्याचे प्रकार घडत आले आहेत. मेळघाटात एका ७७ वर्षांच्या बाईवर जादूटोण्याचा आरोप ठेवून गावाने केलेली विटंबना जानेवारी २०२५ मध्ये उघड झाली. अशा वेळी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. ज्येष्ठांचा कायदा क्वचितच कुणाला आठवतो.

तक्रारीसाठी १४५६७ ही देशव्यापी मदतवाहिनी २०२१ पासून चालू आहे. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ पोलिसांआधी मध्यस्थी करतात, आणि अर्ज करायला घाबरणाऱ्याला त्यांचाच आधार जास्त वाटतो. प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा, असे कलम १९ सांगते, पण ते राज्यांवर बंधनकारक नाही. सून-जावयांनाही जबाबदार धरणारे आणि १०,००० ची मर्यादा उठवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर होण्याआधीच २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बाद झाले.