साताऱ्याची घरपट्टी, हद्दवाढ आणि गुंठ्याचे भाव : हे सगळं आलं कुठून

साताऱ्यात दोन गोष्टींवर कुठल्याही कट्ट्यावर हमखास वाद रंगतो, एक गुंठ्याचा भाव आणि दुसरी नगरपालिकेची घरपट्टीची नोटीस. "भाव वाढले म्हणून घरपट्टी वाढली" असं सरसकट बोललं जातं. पण जुना इतिहास बघितला तर ह्या दोघांची एकमेकांशी गाठ फारशी पडलेलीच नाही, घरपट्टी चालते भाड्याच्या हिशोबावर, बाजार चालतो जमिनीवर, आणि मध्ये बसलीय शहराची हद्द. माझ्या मते साताऱ्याच्या प्रॉपर्टी मार्केटला आकार दिला तो ह्या हद्दीनंच, बिल्डर वगैरे सगळे नंतर.

आधी गावाची बसकण. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली इथं झाला आणि मग अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याला पेठा वसत गेल्या, शनिवार, सोमवार, मंगळवार, यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा वगैरे. दक्षिणेला किल्ला आणि पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, म्हणजे दोन बाजूंनी शहराला वाढायला जागाच नाही. जुनं गाव वरचा रस्ता आणि खालचा रस्ता (पाटीवर राजपथ आणि कर्मवीर पथ, बोलताना कोण म्हणतंय) ह्यांच्या आजूबाजूला दाटीवाटीनं बसलं. इंग्रजांच्या काळात कॅम्प, सदर बझारचा भाग पूर्वेकडं झाला आणि नंतरची वाढ पोवई नाका, गोडोली करत हायवेकडं सरकत गेली. राजपथावरच्या दुकानाच्या जागेला आजही जो भाव मागतात त्याचं कारण हेच, तिथं नवीन जागा तयार होऊच शकत नाही.

नगरपालिका आली १८५३ मध्ये, संस्थान खालसा झाल्यावर पाचेक वर्षांनी, १८५० च्या कायद्याखाली. देशातल्या जुन्या नगरपालिकांमध्ये साताऱ्याचं नाव येतं ते त्यामुळं. पण पुढं शंभर-सव्वाशे वर्षं पालिकेचं घर मुख्यतः चाललं ते जकातीवर. गावात माल आला की नाक्यावर पैसे भरायचे, रोजची रोकड. घरपट्टी होती, पण तिच्यासाठी मतदाराला दुखवायची गरज कुणाला वाटत नव्हती, जकात आहे ना. १९९९ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली आणि त्याबदल्यात सरकारचं सहायक अनुदान सुरू झालं. व्यापारी खूश झाले (नाक्यावर ट्रक अडून राहायचे ते सुटले, त्यात चूक काही नाही), पण पालिकेच्या स्वतःच्या हातात मोठं असं उत्पन्न उरलं ते घरपट्टी हेच, आणि घरपट्टीचा पाया तोपर्यंत पार गोठलेला होता.

गोठला कसा ते बघण्यासारखं आहे. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात कर मुळात लागतो तो मालमत्तेच्या किंमतीवर नाही, वार्षिक भाडेमूल्यावर. म्हणजे ही जागा भाड्यानं दिली तर वर्षाला किती येईल तो आकडा, त्यातनं दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा, जे उरलं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर कराचा दर. समजा ६०० चौरस फुटांचा फ्लॅट आहे आणि त्या झोनला महिन्याला फुटामागं २ रुपये धरलेत, तर वर्षाचे १४,४०० होतात, दहा टक्के गेले की १२,९६०, त्यावर समजा २५ टक्के कर लावला तर ३,२४० रुपये. वर शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन हे चिल्लर खातं वेगळं, दुकान-कारखाना असेल तर रोजगार हमी कर. ह्या सगळ्या हिशोबात फ्लॅट २० लाखाला घेतलाय का ४० लाखाला हा प्रश्न कुठं आलाच नाही बघा.

आता पेठेतला वाडा घ्या. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला तेव्हा प्रमाणभूत भाडं (म्हणजे कायद्यानं जास्तीत जास्त घेता येईल ते) म्हणून १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं चालू होतं ते धरलं गेलं. युद्धाच्या काळातली तात्पुरती सोय म्हणून जे सुरू झालं ते पन्नासेक वर्षं चाललं, १९९९ चा नवीन भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला तरी जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलंच. त्यात १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सांगून टाकलं की भाडं कायद्यानं बांधलेलं असेल तर करासाठीसुद्धा प्रमाणभूत भाड्याच्या वर जाता येणार नाही. झालं मग. वाड्यातल्या दोन खोल्यांना महिन्याला ३० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ३६०, दहा टक्के वजा, कर बसणार ३२४ रुपयांवर. मालकाला भाडं परवडत नाही म्हणून तो वाड्याला हात लावत नाही, भाडेकरू सोडत नाही, पालिकेला कर मिळत नाही, आणि शेवटी एका पावसाळ्यात भिंत बसते आणि मग बिल्डर येतो. पेठांमधल्या अपार्टमेंटचा इतिहास थोडक्यात हाच.

कायदा म्हणतो दर चार वर्षांनी फेरआकारणी करा, त्यालाच चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात. आता निवडणूक पाच वर्षांनी आणि आकारणी चार वर्षांनी, म्हणजे प्रत्येक सभागृहाच्या वाट्याला एकदा तरी हा कडू घोट येणारच. त्यामुळं लहान शहरांत काय होतं, तर नोटिसा निघतात, हरकती येतात, मोर्चा निघतो, "करवाढ होऊ देणार नाही" अशी पत्रकं दोन्ही बाजूंनी निघतात (साताऱ्यात बरीच वर्षं दोन आघाड्या होत्या, दोन्हीकडं राजघराण्यातले राजे, त्यामुळं पत्रकंही दुप्पट), आणि दर तिथंच राहतात. मग कधीतरी एकदम वाढ होते आणि लोक म्हणतात एवढी कशी काय. हळूहळू वाढली असती तर कुणाला कळलंही नसतं, हे माझं आपलं मत.

आता हद्द. शहर वाढत होतं पण पालिकेची हद्द तिथंच, हद्दवाढीचा प्रस्ताव कित्येक दशकं सरकारी टेबलांवर फिरत होता. तोपर्यंत शाहूपुरी, विलासपूर, करंज्याचा काही भाग हे सगळं दिसायला शहर आणि कागदावर ग्रामपंचायत. काही वस्त्या तर ना पालिकेत ना कुठल्या ग्रामपंचायतीत, त्यांना साताऱ्यात सरळ 'त्रिशंकू भाग' म्हणायचे, रस्ता खराब झाला तर तक्रार कुणाकडं करायची हेच माहीत नव्हतं. पण प्लॉट घेणाऱ्याला हे सोयीचं होतं. पालिकेच्या हद्दीपेक्षा भाव कमी, ग्रामपंचायतीची पट्टी किरकोळ, बांधकाम परवानगीला फार कुणी विचारत नाही, आणि पोवई नाका दहा मिनिटांवर. रिटायर झालेले शिक्षक, एसटीतले, एमआयडीसीतले, गावाकडची शेती ठेवून शहरात घर बांधणारे, सगळे तिकडं गेले. दोन गुंठे, अडीच गुंठे, सातबाऱ्यावर सामायिकात नाव, ग्रामपंचायतीचा नमुना आठ मिळाला की लोकांना वाटायचं झालं घर नावावर. नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, हे बँकेत लोन मागायला गेल्यावर कळायचं.

तुकडेबंदीचा कायदाही १९४७ चाच, शेतीचे तुकडे पडू नयेत म्हणून केलेला, शहराच्या कडेला मात्र तो कागदावर राहिला. जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागानं परिपत्रक काढून मंजूर लेआउटशिवाय (म्हणजे प्लॉटच्या आखणीला सरकारी मंजुरी नसताना) एक-दोन गुंठ्यांचे दस्त थांबवले तेव्हा पहिल्यांदा ह्या बाजाराला खरा ब्रेक लागला, पुढं प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि २०२५ मध्ये तर सरकारनंच तुकडेबंदी शिथिल करायचं ठरवलं. म्हणजे ज्यांनी नियम पाळून एनए (बिगरशेती) प्लॉट जास्त पैसे देऊन घेतला त्यांनी काय पाप केलं होतं, असो.

सप्टेंबर २०२० मध्ये हद्दवाढ अखेर मंजूर झाली. शाहूपुरी, विलासपूर, त्रिशंकू भाग वगैरे पालिकेत आले. योगायोग असा की त्याच महिन्यात राज्यानं मुद्रांक शुल्क डिसेंबरपर्यंत तीन टक्क्यांनी कमी केलं होतं आणि डिसेंबरमध्ये मुंबई वगैरे वगळता राज्यभरासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, ज्यामुळं लहान शहरातही जास्त एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) आणि उंच इमारती शक्य झाल्या. लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईचे लोक गावाकडं घर बघायला लागले होतेच, कास रोडला तर आधीपासूनच रांग होती. सगळं एकाच वेळी आलं त्यामुळं भाव चढले ते एकट्या हद्दवाढीनं चढले असं म्हणता येत नाही, पण "आता पालिका हद्दीत" हे शब्द जाहिरातीत लगेच आले हे खरं.

आणि इथंच घरपट्टीचा घोळ झाला. ग्रामपंचायतींचा कर पूर्वी नुसत्या क्षेत्रफळावर होता, हायकोर्टानं ती पद्धत रद्द केल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलून तो भांडवली मूल्यावर आणला गेला, म्हणजे रेडी रेकनरवर (सरकारनं ठरवलेल्या मालमत्तेच्या दरांवर) आधारित, आरसीसी घराला किंमतीच्या दर हजारामागं १.२० ते २ रुपये. म्हणजे गंमत बघा, खेड्यात कर किंमतीवर आणि शहरात भाड्यावर. शाहूपुरीतलं तेच घर, त्याच भिंती, पण हद्द बदलली की हिशोबाची पद्धतच बदलते, त्यामुळं जुनी पावती आणि नवीन नोटीस शेजारी ठेवून काहीच कळत नाही. लोक चिडतात ते नुसत्या रकमेवर नाही, हा आकडा आला कुठून हे कोणी समजावून सांगत नाही म्हणून. त्यात २०२१ च्या शेवटी नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले, म्हणजे २०२५ च्या शेवटी निवडणूक होईपर्यंत भांडायला हक्काचा नगरसेवकही नव्हता.

दुसरीकडून सरकारचा दट्ट्या. पंधराव्या वित्त आयोगानं शहरांना अनुदान देताना घरपट्टीचे किमान दर जाहीर करायची अट घातली, म्हणजे करवाढ पुढं ढकलली तर दिल्लीचा पैसा अडायची वेळ आली. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती (दंड), वर्षाला चोवीस, सावकारापेक्षा वेगळं काय. ती इतकी साचली की मूळ करापेक्षा शास्ती जास्त अशी बिलं सर्रास दिसायला लागली, म्हणून २०२५ मध्ये नगरपरिषदांसाठी शास्ती माफीच्या अभय योजनेची वाट मोकळी केली गेली. वेळेवर भरणारा परत मूर्ख ठरला. त्याच वर्षी एप्रिलपासून रेडी रेकनर वाढले, नगरपरिषद-नगरपंचायत क्षेत्रात सरासरी ४.९७ टक्के, त्याआधी दोन वर्षं वाढ नव्हती. रेडी रेकनर वाढला की मुद्रांक शुल्क वाढतं, पालिकेची घरपट्टी त्यानं आपोआप वाढत नाही, हे दोन्ही एकच समजून ओरडणारे बरेच आहेत.

शहरालगतची काही गावं अजून हद्दीबाहेर आहेत, आणि स्वस्तातला प्लॉट शोधणारी गाडी आता तिकडं वळलेली आहे. तिथं घेणाऱ्यानं नुसता नमुना आठ बघून पैसे देऊ नयेत, सातबारा, जमीन एनए असल्याचा कागद आणि मंजूर लेआउट तिन्ही मागावं.