आभा कार्ड वेगळं, आयुष्मान कार्ड वेगळं

लासलगावची माझी मावशी गेल्या पावसाळ्यात छातीत दुखतंय म्हणून नाशिकला आली. तपासण्या झाल्या, ब्लॉकेज निघालं, अँजिओप्लास्टी ठरली. सरकारी आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात, रुग्णांना योजनेच्या कामात मदत करणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर, तिने पिशवीतून काढून लॅमिनेशन केलेलं कार्ड ठेवलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं.

"मावशी, हे आभा आहे. आयुष्मान कार्ड आणलंय का?"

"हेच ना ते? यावर आयुष्मान लिहिलंय की."

लिहिलं होतंच. आभाचं पूर्ण नावच 'आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट' आहे. गावात शिबिर लागलं, आधार नंबर घेतला, कार्ड हातात आलं आणि आता पाच लाखांचे उपचार फुकट होणार असं घरच्यांनी धरून चाललं. हा गोंधळ मी कितीतरी घरांत पाहिलाय, आणि तो कळतो नेमका दवाखान्याच्या दारात, जेव्हा धावपळ करायला वेळ नसतो. म्हणून सविस्तर लिहिते.

आभा म्हणजे 14 अंकी ओळख क्रमांक. 27 सप्टेंबर 2021 ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, त्याचा हा भाग. कोणालाही काढता येतो; उत्पन्न, रेशनकार्डाचा रंग काही पाहत नाहीत, आणि काढायची सक्तीही नाही. त्याचं काम एकच: तुमचे रिपोर्ट, चिठ्ठ्या, डिस्चार्जचे कागद एका क्रमांकाला जोडणं. कागद ज्या त्या दवाखान्याच्याच संगणकात राहतात. दुसऱ्या डॉक्टरला पाहायचे असतील तर तुमची परवानगी लागते. जिथे सोय आहे तिथे केसपेपरच्या खिडकीजवळचा क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन नंबर मिळतो. लिहून घेणाऱ्याची रांग तेवढी वाचते. पण आभातून बिलाचा एक रुपयाही भरला जात नाही.

पैसे भरले जातात ते आयुष्मान कार्डावर. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना 23 सप्टेंबर 2018 ला रांचीहून सुरू झाली: कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. आपल्या महाराष्ट्रात मात्र त्याआधीपासून राज्याची योजना होती. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून ती सुरू झाली. नाशिक त्या आठांत नव्हतं. 2013 च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली तेव्हा आपल्याकडे आली. 2017 मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. 2020 पासून दोन्ही योजना एकत्र चालतात. सुरुवातीला राज्याच्या योजनेत दीड लाखाची मर्यादा होती. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ती पाच लाख झाली आणि पांढऱ्या रेशनकार्डवालेही आत आले. हा बदल फार मोठा आहे, आणि पांढरं कार्ड असलेल्या कितीतरी घरांना आजही तो ठाऊक नाही. शिवाय 70 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, 2024 च्या ऑक्टोबरपासून 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळतं. आजोबांची पेन्शन आहे म्हणून ते बसत नाहीत, असं समजून थांबू नका.

इथेही एक अट विसरली जाते. कार्ड चालतं ते अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातच, आणि तेही योजनेच्या यादीतल्या उपचारांनाच. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. त्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखाना आहे: सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत.

मावशीचं पुढे असं झालं. मावसभाऊ एसटीने लासलगावला परत गेला, केशरी रेशनकार्ड घेऊन आला. आयुष्मान कार्डासाठी ओळख पटवायच्या ई-केवायसीला मावशीच्या बोटांचे ठसेच उमटेनात. जन्मभर कांदा निवडून बोटं गुळगुळीत झालेली. ओटीपी जात होता आधारला जोडलेल्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर बंद. शेवटी कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून काम झालं. दोन दिवस गेले. तब्येत तातडीची नव्हती म्हणून निभावलं. (तातडीचं असेल तर फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात. राज्य योजनेची हेल्पलाइन 155388.)

आता प्रगतीच्या आकड्यांचं. 'इतकी कार्डं काढली' अशी बातमी आली की मी आधी पाहते, कोणती कार्डं? आभा किती निघाले यावरून फक्त नोंदणी कळते. त्या क्रमांकाला किती जणांचे कागद खरंच जोडले गेले, ते विचारायला हवं. आयुष्मान कार्डांच्या आकड्यातूनही उपचार कळत नाहीत. किती जण दाखल झाले, किती दावे मंजूर झाले, रुग्णालयाला पैसे किती दिवसांत मिळाले आणि 'कॅशलेस' म्हणूनही घरच्यांनी वरून किती भरले, हे आकडे मला जास्त महत्त्वाचे वाटतात. दाव्याचे पैसे अडकले की रुग्णालयं योजनेचा पेशंट घ्यायला कचरतात. देशपातळीवर आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांनी खिशातून भरलेला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, 2021-22 मध्ये 39.4 टक्के झाला. चांगलंच घटलंय, पण सरासरीत नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याचा माणूस दिसत नाही. त्याला मोठ्या ऑपरेशनसाठी सावळघाट ओलांडून नाशिकलाच यावं लागतं. त्याची बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्याचं खाणं-राहणं कोणत्याच कार्डात बसत नाही. म्हणून तालुकावार आकडे मागायला हवेत.

मावशीची अँजिओप्लास्टी नीट झाली, बिल शून्य. महिन्याभराने लासलगावच्या डॉक्टरांनी विचारलं, स्टेंट कोणता, रक्त पातळ होण्याची गोळी किती दिवस? डिस्चार्जचा कागद पावसात भिजून अक्षरं फुटली होती. मावसभावाने मोबाइलवर आभा उघडलं. 14 अंक होते, नाव होतं, फोटो होता; खाली कागद एकही जोडलेला नव्हता. मग नाशिकला मला फोन आला, मी रुग्णालयात जाऊन डिस्चार्जची प्रत मागितली आणि फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवली.